अदलाबदलीसाठी कुकी निवडताना
कुकींच्या अदलाबदलीत प्रत्येक जण घरून एका प्रकारच्या कुकी करून आणतो आणि सगळे त्या आपापसात वाटून घेतात. निवडताना पहिला निकष टिकाऊपणा. शॉर्टब्रेड (बटर, साखर, मैद्याची खुसखुशीत कुकी) घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर सहज टिकतं. क्रीम किंवा कस्टर्ड भरलेल्या कुकी टाळाच, त्यांना फ्रीज लागतो. शॉर्टब्रेडचं प्रमाणही सोपं: वजनाने 1 भाग साखर, 2 भाग बटर, 3 भाग मैदा. बटर फार मऊ झालं की कुकी ओव्हनमध्ये पसरतात, म्हणून कापलेल्या कुकी बेक करण्याआधी 30 मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. तुमच्याशिवाय आठ जण असतील, तर प्रत्येकी सहा म्हणजे 48; मोडतोडीसाठी चार-पाच जास्तच करा. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका, वाफेने कुरकुरीतपणा जातो. मऊ कुकी वेगळ्या डब्यात. सुकामेवा, शेंगदाणे, अंडं घातलं असेल तर चिठ्ठीवर ठळक लिहा. कुणाला ॲलर्जी असू शकते.