सीमाभागातील आमदाराची कारकीर्द कशी लिहावी

युवक मंडळाची स्मरणिका असो, वाचनालयाचा गौरव अंक असो किंवा एखाद्या माजी आमदाराच्या पंचाहत्तरीनिमित्त काढायची पुस्तिका असो, ‘साहेबांची राजकीय वाटचाल’ हा लेख गावातल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या गळ्यात पडतोच. बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरात हे काम अधिक किचकट होते, कारण माणूस मराठी, त्याच्या सभा मराठी आणि कात्रणेही मराठी असली, तरी त्याने आमदार म्हणून जे केले त्याचे दप्तर कन्नडमध्ये आणि निवडणुकीचे आकडे इंग्रजीत असतात. म्हणून सुरुवात माणसापासून न करता मतदारसंघापासून करावी.

मतदारसंघ म्हणजे नकाशावरची कायमची रेषा नव्हे. १९५२ साली या भागातून निवडून आलेले आमदार मुंबई विधानसभेत बसले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होताच त्यांचे सभागृह बदलले, त्यामुळे त्या पिढीच्या आमदाराची पहिली भाषणे मुंबईत आणि नंतरची बंगळुरात शोधावी लागतात. १९५७ नंतरच्या कागदांत राज्याचे नाव म्हैसूर असते आणि १ नोव्हेंबर १९७३ पासून ते कर्नाटक होते. जुन्या काळाविषयी लिहिताना ‘कर्नाटक विधानसभा’ असे सरसकट लिहू नये. पुढे २००८ च्या निवडणुकीपूर्वी पुनर्रचनेत उचगाव आणि बागेवाडी हे मतदारसंघ संपले, तर बेळगाव उत्तर, दक्षिण आणि ग्रामीण हे नव्याने आले. अभय पाटील २००४ साली बागेवाडीतून आणि २००८ साली बेळगाव दक्षिणमधून निवडून आले, याचा अर्थ त्यांनी मतदारसंघ सोडला असा काढणे चुकीचे ठरेल, कारण जुना मतदारसंघ उरलाच नव्हता. आपल्या आमदाराच्या काळात कोणती गावे कोठे होती, याची यादी आधी तयार करावी. अर्धे घोटाळे तेथेच मिटतात.

यानंतर वर्षांचा तक्ता करावा. निवडणुका १९५७, १९६२, १९६७, १९७२, १९७८, १९८३, १९८५, १९८९, १९९४, १९९९, २००४, २००८, २०१३, २०१८ आणि २०२३ या साली झाल्या, आणि हा क्रम पाहताच दिसते की ‘दोन वेळा आमदार’ म्हणजे दहा वर्षे असे धरता येत नाही. १९८३ ची विधानसभा दोन वर्षांतच संपली; लोकसभेतील पीछेहाटीनंतर तत्कालीन मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांनी नव्याने कौल मागितला आणि १९८५ साली पुन्हा मतदान झाले. मी स्वतः एका गौरव अंकावर विसंबून एका नेत्याला ‘तीन वेळा आमदार’ करून बसलो होतो. नंतर निवडणूक आयोगाचे अहवाल उघडले, तेव्हा त्यांतली एक निवडणूक ते हरले होते असे निघाले. आयोगाचे हे वर्षवार अहवाल संकेतस्थळावर आहेत, आणि तेथे जे नाही ते लिहायचे नाही, असा नियम मी तेव्हापासून पाळतो.

पक्षाचा रकाना मात्र डोळे झाकून उतरवू नये. सीमाभाग महाराष्ट्रात यावा यासाठी लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे अनेक उमेदवार अहवालात अपक्ष म्हणून येतात. २०१३ साली बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील आणि खानापुरातून अरविंद पाटील समितीच्या पाठिंब्यावर निवडून आले, तरी कागदावर ते अपक्षच. समितीचा अधिकृत उमेदवार कोण आणि बंडखोर कोण, हे अहवाल सांगत नाही. त्यासाठी त्या आठवड्यातील मराठी दैनिकांचे अंकच चाळावे लागतात. आडनावांचा गोंधळ वेगळाच. नुसते ‘पाटील’ म्हटले, तर येथे कोणाचाच बोध होत नाही, म्हणून उमेदवाराचे पूर्ण नाव वडिलांच्या नावासह टिपावे. मतांच्या आकड्यांबाबतही सावधगिरी हवी. १९८५ साली बेळगाव विधानसभा मतदारसंघात ३०१ आणि १९९६ साली बेळगाव लोकसभा मतदारसंघात ४५६ उमेदवार होते. सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी केलेल्या त्या उमेदवारीत कोणाची अनामत गेली, यावरून त्याची लोकप्रियता मोजणे हास्यास्पद होईल.

सभागृहातील काम हा लेखाचा गाभा, आणि नेमका तोच बहुतेक लेखांत दोन ओळींत गुंडाळला जातो. कार्यवाहीचे खंड कन्नडमध्ये असल्याने काही शब्द आधी शिकून घ्यावेत. कन्नडमध्ये ‘शासक’ म्हणजे आमदार, राज्यकर्ता नव्हे. ‘चुक्के गुरुतिन प्रश्ने’ म्हणजे तारांकित प्रश्न आणि ‘गमन सेळेयुव सूचने’ म्हणजे लक्षवेधी सूचना. आमदार मराठीत बोलला की कन्नडमध्ये, हेही नोंदवावे. ज्याला सभागृहाच्या भाषांत नीट बोलता येत नाही, त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलण्याची परवानगी देऊ शकतात, अशी तरतूद राज्यघटनेच्या कलम २१० मध्ये आहे. आणखी एक सापळा असा की २०१२ साली बेळगावनजीक हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध हे विधानभवन उभे राहिल्यापासून तेथील हिवाळी अधिवेशनाच्या बातम्या स्थानिक वृत्तपत्रांत रकानेच्या रकाने येतात, पण बंगळुरातील अधिवेशनाचे वृत्त तुटक असते. केवळ कात्रणांवर लिहिले, तर आमदार फक्त डिसेंबरात बोलत होता असा भास होतो.

विकासकामांसाठी कोनशिला वाचाव्यात. आमच्याकडील एका समाजभवनाच्या भिंतीवर चुन्याखाली दबलेली कोनशिला ओल्या फडक्याने पुसल्यावर ‘शंकुस्थापने’ हा शब्द आणि तारीख वाचता आली. भवन बांधल्याचे श्रेय ज्यांना सर्वत्र दिले जात होते, ते त्या तारखेला आमदारच नव्हते. कोनशिलेवरून पायाभरणी कळते, काम पूर्ण झाल्याचे नव्हे, म्हणून पंचायतीत जाऊन मंजुरीचे वर्ष आणि कोणत्या निधीतून पैसे आले, हे विचारावे.

मालमत्ता आणि गुन्ह्यांविषयीची प्रतिज्ञापत्रे २००३ नंतरच्या उमेदवारांचीच मिळतात. त्यांतील खटले उतरवताना कलम वाचावे. आंदोलनातील जमावबंदीचा भंग आणि फसवणूक यांना एकाच वाक्यात बसवणे हा त्या माणसावर अन्याय आहे, आणि त्यांतले एखादे गाळणे हा वाचकांवर.

मुलाखती सर्वांत शेवटी घ्याव्यात, तक्ता समोर ठेवून. कुटुंबीयांइतकाच विरोधी गटातील एखादा जुना कार्यकर्ता उपयोगी पडतो. अशाच एका काकांना मी कच्चा मजकूर वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी कौतुकाच्या एकाही ओळीला हरकत घेतली नाही. फक्त एका सभेचे ठिकाण दुरुस्त केले, कारण त्या रात्री ती सभा उधळायला ते स्वतः गेले होते.