हेड कव्हरमधून ऑइल गळतंय? पाना घ्यायच्या आधी पावडर लावा

मी दूध वाटतो. पहाटे साडेचारला गावातून दूध गोळा करायचं आणि सहाच्या आत आर्वीत पहिल्या दारात उभं राहायचं, हा माझा रोजचा धंदा. गाडी १२५ सीसीची, २०१४ची, कार्बोरेटरवाली. मागे दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरच्या कॅन. मागच्या उन्हाळ्यात नेहमीच्या एका काकू माप धरता धरता म्हणाल्या, "भाऊ, दुधाले धुराचा वास येऊन राहिला." मी वाकून नाक लावलं. वास दुधाला नव्हता, गाडीला होता. इंजिनच्या डोक्यावरून ऑइलचा ओघळ खाली सायलेन्सरच्या बेंडवर उतरत होता आणि तिथे जळत होता. मी दारात गाडी चालू ठेवून कॅनचं झाकण उघडत होतो, म्हणजे तो धूर थेट दुधावर. त्या दिवसापासून दारात गाडी बंद करायला लागलो आणि त्याच रविवारी इंजिन उघडायला बसलो.

त्याआधी एक वर्षापूर्वी हीच गळती मी एका गॅरेजवर दाखवली होती. "काही नाही, सिलिकॉन मारून देतो," असं सांगून त्याने दहा मिनिटांत गाडी परत दिली. गळती चार महिने थांबली. मी स्वतः हेड कव्हर, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरचं झाकण, उघडलं तेव्हा आतल्या कडेला सिलिकॉन बाहेर येऊन शेवयांसारखं लोंबत होतं, आणि दोन-तीन तुकडे तुटून इंजिनच्या आतल्या चेनच्या खाचेपाशी ऑइलमध्ये पडले होते. तेच तुकडे खाली जाऊन ऑइल पंपाच्या जाळीत अडकले असते, तर वर कॅमशाफ्टला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला) ऑइल पोचलं नसतं आणि हेडच गेलं असतं. दोनशेच्या आतबाहेरच्या पॅकिंगसाठी हजारोंचं काम. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी ऑइल खरंच तिथूनच येतंय का, ते पाहा. या कामात चूक होते ती इथेच. ऑइल वरून खाली उतरतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे पसरतं, त्यामुळे सगळं इंजिन माखलेलं दिसतं आणि उगम कळत नाही. त्यात आपल्या काळ्या मातीची धूळ त्यावर बसून वाळली, की खरवडल्याशिवाय निघत नाही. ब्रश आणि रॉकेल किंवा डिझेल घेऊन हेड, फिन आणि खालचा ब्लॉक थंड इंजिनवर धुवा, कापडाने कोरडं करा. मग लेकराच्या अंगाला लावतो ती टाल्कम पावडर कव्हरच्या जोडाभोवती आणि त्याच्या खाली भुरभुरवा. दहा-बारा किलोमीटर गाडी चालवून या. जिथून ऑइल पाझरतं तिथे पांढऱ्यावर ओली, काळसर रेघ उठते. माझ्या गाडीची रेघ पुढच्या उजव्या कोपऱ्यात उठली, आणि दुसरी, जिची मला कल्पनाच नव्हती, एका बोल्टच्या डोक्याखालून.

रेघ जर कव्हरच्या खाली, हेड आणि ब्लॉक यांच्या जोडावर उठली, तर ते वेगळं काम आहे. तिथलं पॅकिंग बदलायला हेड उतरवावं लागतं, ते अनुभवी मिस्त्रीकडेच द्या. गोल टॅपेट कॅप असलेल्या गाड्यांत बरेचदा फक्त कॅपखालची ओ-रिंग कडक झालेली असते. ती बदलली की झालं.

उघडण्याआधी आणखी दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, ऑइलची पातळी. गाडी डबल स्टँडवर सरळ उभी करून, तुमच्या गाडीच्या पुस्तकात सांगितलंय तशी मोजपट्टी बघा. आपल्या रोजच्या १०० ते १२५ सीसीच्या बऱ्याच गाड्यांना ऑइल बदलताना ८०० मिली ते १ लिटर लागतं. "थोडं जास्त असलेलं बरं" म्हणून कोणी वर भरलं असेल, तर ते बाहेर वाट शोधणारच.

दुसरी गोष्ट ब्रीदर पाईप. पिस्टन वरखाली होताना आतली हवा दाबली जाते, तिला बाहेर जायला हा पाईप असतो. तो तुंबला की आतला दाब वाढतो आणि सगळ्यात कमजोर जोडातून ऑइल ढकलून काढतो. नवं पॅकिंग टाकलं तरी महिन्याभरात पुन्हा गळती. आमच्या घरच्या जुन्या गाडीचा ब्रीदर खाली उघडा लोंबतो. ती गाडी दोन महिने गोठ्यात उभी होती, तेवढ्यात कुंभारीण माशीने त्यात मातीचं घर बांधलं होतं. तारेने टोकरलं तर वाळलेल्या गोळीसारखी माती पडली. तेव्हा पाईप काढा, फुंकून पाहा, दबला किंवा चिरला असेल तर बदला.

आता उघडणं. इंजिन पूर्ण थंड हवं. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतही लोखंड तापलेलं असतं, म्हणून पहाटेच सुरू करा, अंगणात, चुलीपासून लांब. बिडी ओढणाऱ्याला जवळ येऊ देऊ नका, कारण टाकी काढायची आहे. सीट काढा, पेट्रोलची कॉक बंद करा, पाईप सोडवा, पेट्रोलच्या काट्याच्या वायरचं सॉकेट काढा, मागचा बोल्ट खोलून टाकी मागे ओढून उचला. हे कार्बोरेटरच्या गाडीचं सांगतोय. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या बहुतेक इंजेक्शनच्या आहेत, त्यांच्या पाईपात पेट्रोल दाबाखाली असतं. तो पाईप असाच ओढू नका, तेवढं मिस्त्रीकडून करून घ्या.

प्लगची कॅप काढून बाजूला करा. कव्हरचे बोल्ट गाडीगणिक दोन, तीन किंवा चार, आणि पाना बहुधा ८ किंवा १० नंबरचा. एकच बोल्ट पूर्ण काढून दुसऱ्याकडे जाऊ नका, सगळे थोडे थोडे सैल करत या. बोल्ट निघाले तरी कव्हर चिकटून राहतं. इथे पेचकस खुपसून उचकटायचा मोह होतो. तो आवरा! कव्हर आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे, एक ओरखडा पडला की त्याच रेघेतून ऑइल जन्मभर येतं. निंबाच्या लाकडाचा तुकडा कव्हरच्या कडेला लावून हातोडीने हळू ठोका, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. सुटतं. काही गाड्यांत जोडावर छोट्या पोकळ पिना असतात, त्या कव्हरसोबत वर येऊन चेनच्या खाचेत पडू शकतात. एक हात खाली ठेवा.

कव्हर निघताच ती चेनची खाच कापडाने बंद करा. आपण कापसाच्या मुलखातले, पुसायला हाताशी कापूसच सापडतो. इथे कापूस अजिबात नको. त्याचा एकेक तंतू आत राहतो आणि जाळीवर जाऊन बसतो. जुन्या धोतराचं किंवा लुगड्याचं धुतलेलं, सूत न सुटणारं कापड घ्या, आणि किती तुकडे आत घातले ते मोजून ठेवा. मी तीन घातले होते, तीन काढले, आणि तसं तोंडाने मोठ्याने म्हटलं.

जुनं पॅकिंग बोटात धरून वाकवा. नव्या रबराला नख दाबलं की खूण पडून परत भरते. माझं जुनं पॅकिंग लाखेच्या बांगडीसारखं कडक झालं होतं. वाकवलं तर वळणावर कट्‌कन तुटलं. दाबून दाबून ते चपटंही झालेलं होतं, म्हणजे कव्हरमधल्या त्याच्या खाचेच्या वर ते उरलंच नव्हतं. मग जोड बंद कशाने होणार?

पॅकिंगची खाच साफ करायला बांबूची कामटी चाकूने सपाट करून घ्या. लोखंडी पाते नको, पॉलिश पेपरही नको, कारण त्याचे खडे आत पडतात. जुनं सिलिकॉन असेल तर नखाने आणि कामटीने एकेक धागा ओढून काढा. मला फक्त यालाच पाऊण तास लागला. मग रॉकेलच्या कापडाने पुसा आणि कोरड्याने परत पुसा, जोडावर तेलकटपणा नको. कव्हर जोडाची बाजू खाली करून खिडकीच्या काचेवर ठेवा आणि कोपऱ्यावर बोट दाबा. डुगडुगलं तर कव्हर वाकलंय, त्याला नुसतं पॅकिंग बदलून भागणार नाही.

उघडलंच आहे तर टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासून घ्या. तो आकडा गाडीच्या पुस्तकात मिळेल.

नवं पॅकिंग आणताना जुनं सोबत न्या आणि मॉडेलसोबत साल सांगा, कारण एकाच नावाच्या गाडीत मधेच कव्हर बदललेलं असतं. आणि बोल्टांखालचे रबर वॉशर विसरू नका. माझी दुसरी ओली रेघ तिथलीच होती. बऱ्याच गाड्यांच्या या बोल्टांना खांदा असतो. बोल्ट एका मर्यादेपर्यंत जातो आणि खांद्यावर टेकतो, कव्हर दाबून धरतं ते रबर वॉशर. वॉशर चपटं झालं असेल तर बोल्ट कितीही आवळा, कव्हर एक केसभरही जास्त दबत नाही. फक्त हेडमधले आटे मरतात. गळणारं इंजिन दिसलं की पाना घेऊन आवळायला धावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्या. आटे गेले की लेथवाल्याकडे हेड नेऊन नवे आटे बसवावे लागतात.

रबरी पॅकिंग कव्हरच्या खाचेत कोरडंच बसवायचं. उलटं करताना पडत असेल तर दोन-तीन जागी ग्रीसचा ठिपका पुरे. ज्या गाड्यांत पॅकिंगला अर्धचंद्राचा भाग असतो, त्याच्या कोपऱ्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढं सिलिकॉन चालतं, तेवढंच. कव्हर टेकवल्यावर बोट चारही बाजूंनी फिरवा, पॅकिंग कुठे दुमडलं असेल तर बोटाला कळतं. बोल्ट आधी हाताने लावा, मग आलटून पालटून थोडे थोडे आवळा. अशा ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर एवढाच जोर लागतो. टॉर्क पाना नसेल तर असं समजा, वीतभर पान्याच्या टोकाला पाच किलोचा जोर. म्हणजे पाच लिटर दुधाची किटली एका हाताने उचलायला लागतो तेवढा. रोज किटल्या उचलणाऱ्या माझ्या हाताला हे माप लगेच समजलं.

टाकी बसवली की पेट्रोलचा पाईप ओला होतो का ते आधी बघा, मगच गाडी चालू करा. पाच मिनिटं जागेवर चालू द्या. थोडा धूर निघाला तर घाबरू नका, बेंडवरचं जुनं ऑइल जळतंय. थंड झाल्यावर पुन्हा पावडर लावा आणि दोन दिवसांनी पाहा. गरम इंजिनवर बोल्ट पुन्हा आवळायला जाऊ नका. आणि सगळं नवं टाकूनही ओली रेघ आली, सोबत सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल, तर दोष पॅकिंगचा नाही. बहुधा पिस्टनच्या रिंगा गेल्यात आणि खालचा दाब वर येतोय.

माझी पावडर दोन दिवसांनी कोरडी होती. तुटलेलं जुनं पॅकिंग मी टाकलं नाही. दोन्ही तुकडे कागदात गुंडाळून, वर मॉडेल, साल आणि बदलल्याची तारीख लिहून सीटखालच्या पुडीत ठेवलेत, पुढच्या वेळी दुकानदारापुढे ठेवायला.