जिल्ह्यातल्या कर्त्या माणसांचा शोध : जुन्या साप्ताहिकांच्या फायली कशा वाचाव्यात

इतिहासात एम.ए. करून स्थानिक चरित्रलेखनाकडे वळणारी मुलं बहुधा गौरवग्रंथ आणि स्मरणिका घेऊन बसतात. मी त्यांना आधी जिल्ह्यातल्या जुन्या साप्ताहिकांच्या फायली उघडायला सांगतो. त्यासाठी गावातल्या जुन्या वाचनालयाच्या ग्रंथपालांशी ओळख वाढवा. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 सालचं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर 1850 सालचं. अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या काम केलेल्या माणसांना यादीत नसलेलंही ठाऊक असतं.

निधनवार्ता सगळ्यात शेवटी वाचा. गेलेल्या माणसाबद्दल सगळे चांगलंच लिहितात. जिवंत माणूस भेटतो तो आतल्या पानांवर : नगरपालिकेच्या सभेचा वृत्तान्त, शाळेचा बक्षीस समारंभ, जप्तीची जाहीर नोटीस, देणग्यांची साभार पोच. एका मुख्याध्यापकांबद्दल गौरवग्रंथात मला 'दानशूर' एवढाच शब्द मिळाला होता. साप्ताहिकात मात्र वसतिगृहाच्या देणगीदारांची यादी दरवर्षी छापून यायची. त्यांच्या नावापुढे रोख रक्कम कधीच नाही. 'जोंधळे, पोती दोन'. पाऊस दगा देऊन गेला त्या वर्षी 'पोते एक'. पण यादीतून नाव गळलं नाही. चरित्राचं एक अख्खं प्रकरण मला त्या ओळींनी दिलं.

वृत्तपत्र कुणाचं आहे हे कळल्याशिवाय त्यातलं काही उतरवून घेऊ नका. शाहू महाराजांचंच पाहा. वेदोक्ताच्या वादात, म्हणजे त्यांच्या घरचे विधी वैदिक मंत्रांनी व्हावेत की नाही या वादात, टिळकांच्या 'केसरी'ने ऑक्टोबर 1901 मध्ये त्यांच्या बाजूविरुद्ध अग्रलेख लिहिले. पुढे 1919 मध्ये श्रीपतराव शिंदे यांचा, ब्राह्मणेतर चळवळीच्या बाजूचा 'विजयी मराठा' निघाला, 1920 मध्ये डॉ. आंबेडकरांचा 'मूकनायक'; त्याला महाराजांनी अडीच हजारांची मदत केली होती. टीका आणि स्तुती, दोन्हींना असा संदर्भ असतो. माझ्या मते एकाच बाजूची फाइल वाचून चरित्र लिहायला बसणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

तारखांना जपा. अंकावर शके असेल तर इसवी सन काढायला गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेर 78 मिळवायचे, जानेवारी ते पाडवा 79. सरसकट 78 मिळवले तर माघातली घटना हमखास एक वर्ष मागे जाते, आणि मग ती चूक पुढचे सगळे लेखक उतरवून घेतात.

फोटो काढताना वृत्तपत्राचं नाव आणि तारीख दिसेल असं पूर्ण पान घ्या. नुसत्या मजकुराचा फोटो कुठल्या अंकातला, हे महिन्याभराने सांगता येत नाही.