लोकलमध्ये विनोदी जादुई रहस्यकथा ऐकताना

ठाणे-वाशी लोकलचा अर्धा तास अशा ऑडिओबुकच्या एखाद्या प्रकरणाला छान पुरतो. वेग मात्र मूळचाच ठेवा, आणि ॲपमध्ये मधली शांतता गाळणारी सेटिंग असेल तर ती आधी बंद करा! निम्मा विनोद निवेदकाच्या थांबण्यात असतो. तो क्षण कापला की हसूही गेलं. शिवाय या प्रकारात खुनाचे धागेदोरे बरेचदा गमतीच्या वाक्यातच लपवलेले असतात. म्हणून खुदकन हसू आलं की १५ सेकंद मागे जाऊन तेच वाक्य पुन्हा ऐका. घणसोली-कोपरखैरणेच्या गर्दीत काही निसटलं तरी हेच. चेटकिणी, राक्षस, संशयित यांची नावं फोनमध्ये टिपून ठेवा, फार गोंधळ होतो. पुस्तक घरच्या वायफायवरच डाउनलोड करा. चढता-उतरताना एक कान मोकळा हवाच.