जुन्या गाडीचे क्राऊन-पिनियन घरी बदलताना

क्राऊन-पिनियन म्हणजे मागच्या एक्सलमधली मोठ्या (क्राऊन) आणि छोट्या (पिनियन) दातेरी चाकाची जोडी, जी इंजिनाची फिरत चाकांकडे वळवते. लोक घाबरतात ते खोलायला, पण खोलणं अर्ध्या दिवसाचं काम आहे, खरा वेळ जातो तो शिम (जागा जुळवायची पातळ चकती) घाला, बघा, काढा, परत घाला यात. पहिल्यांदा केलं तेव्हा माझं पिनियन सात वेळा आत-बाहेर झालं. त्यामुळे सुट्टीचा एकच दिवस हातात असेल तर हात घालू नका.

आधी रेशोचं नक्की करा. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात, म्हणजे ४१ ला १० असेल तर ४.१०. आकडा मोठा म्हणजे ओढ जास्त, पण त्याच स्पीडला इंजिन जास्त फिरणार. ३.०८ काढून ३.७३ टाकलं तर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) २१ टक्के वाढतो, जिथे २००० होता तिथे २४२० होईल, आणि स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सवरून असेल तर काटाही तेवढाच खोटं बोलायला लागेल, त्याचा छोटा गियर बदलावा लागतो. काही एक्सलमध्ये ठरावीक रेशोच्या पुढे गेलं की कॅरियरसुद्धा (क्राऊन ज्यावर बसतो तो भाग) वेगळा लागतो, हे क्राऊन हातात आल्यावर कळलं तर डोक्याला हात लावाल. आणि क्राऊन-पिनियन कायम जोडीनेच घ्यायचं, फॅक्टरीत एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, एकाचा एक आणि दुसऱ्याचा दुसरा असं चालत नाही.

हत्यारं: डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं), मायक्रोमीटर, टॉर्क रेंच, बेअरिंग पुलर, प्रेस आणि मार्किंग पेस्ट. डायल गेज नसेल तर उसना आणा पण अंदाजाने बॅकलॅश (दोन्ही चाकांच्या दातांमधला मोकळा खेळ) लावू नका. नवीन बेअरिंग, सील, क्रश स्लीव्ह (नट आवळताना चिरडणारी नळी) आणि पिनियन नट आधीच आणून ठेवा. स्लीव्ह दोन आणा, का ते पुढे कळेल.

पुढच्या चाकांना ठोकळे, मागचा भाग स्टँडवर, नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही. ऑइल काढा, प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागे येणारा लांब दांडा) काढायच्या आधी फ्लँजवर (तो जिथे बोल्टने जोडतात ती चकती) खूण करा म्हणजे तसाच परत बसेल. एक्सल शाफ्ट दोन तऱ्हेने अडकवलेले असतात, एक तर ड्रमच्या मागे रिटेनर प्लेटचे बोल्ट, नाहीतर आत सी-क्लिप, त्यात मधली पिन काढून शाफ्ट आत ढकलला की क्लिप निघते. आता महत्त्वाचं, कॅरियरच्या बेअरिंग कॅप्सवर पंचने खूण करा, डावीकडे एक ठिपका, उजवीकडे दोन. त्या जागेवर बसवूनच बोअर केलेल्या असतात, अदलाबदल झाली की बेअरिंग नीट धरणार नाहीत. साइडचे शिमसुद्धा डावे-उजवे वेगळ्या डब्यात.

जुन्या पिनियनवरचा शिम मायक्रोमीटरने मोजा, सुरुवात त्याच जाडीने करायची. आता एक युक्ती, जुन्या पिनियन बेअरिंगची आतली रिंग घासून थोडी मोठी करा, म्हणजे हाताने सरकेल. सगळी ट्रायल या बेअरिंगवर करायची, नवीन बेअरिंग प्रेसने शेवटी एकदाच. मी हे न करता प्रत्येक वेळी नवीन बेअरिंग ठोकून बसवत आणि उपटत राहिलो, चौथ्या वेळी पिंजरा वाकडा झाला. ट्रायलला क्रश स्लीव्हही घालू नका, नट हलकेच आवळा, खेळ निघून थोडा जडपणा आला की बास.

क्राऊन कॅरियरवर हातोडीने नाही बसवायचा. उकळत्या पाण्यात गरम करा, पुसा, लगेच चढवा, सहज बसतो. बोल्टला थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावून आमनेसामने आवळा. काही गाड्यांत हे बोल्ट उलट्या आट्याचे असतात, काढताना जोर लावायच्या आधी डोक्यावर खूण आहे का बघा.

बॅकलॅश बऱ्याच गाड्यांत ०.१५ ते ०.२० मिमी असतो पण तुमच्या मॅन्युअलचा आकडा अंतिम. कमी-जास्त करायला एका बाजूचा शिम काढून तेवढाच दुसऱ्या बाजूला घालायचा, म्हणजे बेअरिंगचा ताण बदलत नाही. कॅरियर ०.१० सरकला की बॅकलॅश साधारण ०.०७ ने बदलतो. तीन-चार ठिकाणी मोजा.

पण बॅकलॅश जुळला म्हणजे काम झालं असं नाही, इथेच बहुतेक जण फसतात. चार-पाच दातांना पिवळी पेस्ट पातळ लावा, क्राऊनला लाकडाने थोडं अडवून पिनियन दोन्हीकडे फिरवा आणि टॉर्च मारून बघा. पेस्ट दाबली जाऊन मध्ये एक चकचकीत अंडाकृती ठसा उमटतो. तो दाताच्या मुळाशी चिकटला असेल तर पिनियन फार आत गेलंय, माथ्यावर असेल तर फार लांब आहे. शिम पिनियनच्या डोक्यामागे असेल तर पहिल्यात पातळ करा, दुसऱ्यात जाड. ठसा दाताच्या उंचीच्या मधोमध हवा, आणि पिनियनचा शिम बदलला की बॅकलॅश परत लावायचा, म्हणून तर सात वेळा.

जुळलं की नवीन बेअरिंग, स्लीव्ह, सील, नवा नट. स्लीव्ह चिरडायला लांब पाइप लागतो, बराच वेळ काहीच होत नाही आणि मग पाव आट्यात सगळं होतं, म्हणून थोडं आवळा आणि पिनियन फिरवायला किती जोर लागतो ते मोजा. मोजायला फ्लँजवर दोरा गुंडाळून स्प्रिंगच्या काट्याने ओढायचं, कॅरियर आत नसताना. दोरा मध्यापासून ५ सेंमीवर असेल आणि फिरताना काटा ५ किलो दाखवत असेल तर साधारण २.५ न्यूटन मीटर झाले, नव्या बेअरिंगला बहुतेक एवढंच लागतं. पुढे गेलात तर नट सैल करून चालत नाही, स्लीव्ह वाया, दुसरी घाला. म्हणून दोन.

कॅरियर बसवून ठसा आणि बॅकलॅश शेवटचा बघा, मग सगळं जोडा आणि जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल भरा, लिमिटेड स्लिप (एकच चाक घसरून फिरू न देणारा डिफरन्शियल) असेल तर त्याचं अ‍ॅडिटिव्हही. पहिल्या दिवशी १५-२० मिनिटं हळू चालवून अर्धा तास गार होऊ द्या, असं दोन-तीनदा. पहिले ८०० किमी ओझं ओढू नका, नंतर ऑइल बदला. काढलेल्या ऑइलमध्ये बोटाला राखाडी चकाकी लागली तर ठीक आहे, नखात अडकेल असा तुकडा निघाला तर मात्र कव्हर परत उघडायचं.