ग्रुपवर आधी उत्तर, मग दुकान

वणी-पांढरकवड्याकडं कृषी केंद्र चालवता आणि शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही आहात? कोणी पऱ्हाटीवरच्या (कपाशीवरच्या) डोमकळीचा, म्हणजे गुलाबी बोंडअळी शिरल्यानं न उमललेल्या फुलाचा, फोटो टाकला की लगेच औषध अन् दुकानाचा नंबर टाकू नका. आधी विचारा, कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावले का? गुलाबी बोंडअळीवर लक्ष ठेवायला हेक्टरी ५ पुरतात. सलग ३ रात्री दर सापळ्यात ८ किंवा जास्त पतंग आले, तर फवारणीचं पाहा. डोमकळ्या तोडून नष्ट करायला औषध लागत नाही, हेही सांगा. तुमची विक्री बुडेल, बुडू द्या. औषध सुचवायचंच झालं तर कंपनीऐवजी घटकाचं नाव द्या, आणि ‘माझं दुकान आहे’ हे त्याच मेसेजमध्ये लिहा. नंबर मागितला तर खासगीत. ‘शुभ सकाळ’वालं दुकानाचं पोस्टर मात्र बंदच करा, लोक ग्रुप म्यूट करतात.