मैफल ऐकून आल्यावर लिहायचं कसं

पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाहून, म्हणजे आमच्या 'सवाई'हून, परतलं की आमच्या ग्रुपवर 'अप्रतिम!', 'ब्रह्मानंदी टाळी!' यांचा पाऊस पडतो. जो येऊ शकला नाही त्याला यातून काय कळणार, कप्पाळ?

तर, गाणं सुरू होताच राग, ताल आणि बंदिशीचे पहिले शब्द टिपून घ्या. मी कागद-पेन्सिलच नेते. मोबाईलचा उजेड मागच्याच्या डोळ्यांत जातो. राग ओळखू आला नाही तर शेजारच्या काकांना विचारा. पुण्यात असे काका शेजारी असतातच, न विचारताही सांगतात.

अख्खी मैफल सांगायच्या फंदात पडू नका. एकच जागा धरा. समजा, मारवा राग होता. त्यात पंचम (प) नाही, आणि गायक षड्ज, म्हणजे 'सा', टाळत कोमल रिषभ (रे) आणि शुद्ध धैवतावर (ध) रेंगाळतो. कान सारखा 'सा' मागत असतो. तो किती ताटकळवला, शेवटी लागला तेव्हा मंडपात 'वाह' उमटली की नुसतेच सुस्कारे, ते लिहा. विलंबित, म्हणजे संथ, एकतालात मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आला तेव्हा तबलजी नि गायक एकमेकांकडे बघून हसले का, तेही.

साथीदारांची नावं हवीतच, तानपुऱ्यावरच्या शिष्यांचीसुद्धा.

'भीमसेन जोशींची सर नाही' हे मात्र नको. महोत्सव त्यांनीच १९५३ साली गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ सुरू केला, त्यामुळे तुलना सुचते खरी. पण समोरच्याचं गाणं राहूनच जातं.

आणि लिहा त्याच रात्री. सकाळी पेपरातलं परीक्षण वाचलंत की तुमचं मत गेलंच.